लाकडी ल्युअरवर माशाचा फोटो चढवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपरखैरण्यात आमच्या घरच्या बाल्कनीत मी लाकडी ल्युअर, म्हणजे मोठ्या माशाला भुलवायचे गळ लावलेले खोटे मासे, बनवतो. खाडीकाठी कुणाच्या हाती त्यातला एखादा पडला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न बहुतेक फोटोबद्दल असतात आणि उत्तरं बहुतेक फोटोच्या खाली काय आहे आणि वर काय आहे याबद्दल. त्याला माझा इलाज नाही.

१. फोटो फिनिश म्हणजे काय? स्टिकरच ना?

स्टिकर नव्हे. स्टिकरचं विनाइल जाड असतं. ते एका दिशेने वळतं, पण एकाच वेळी दोन दिशांनी वळवायला गेलं की सुरकुततं, आणि त्याची कड नखाला कायम लागते. फोटो फिनिशमध्ये माशाच्या कुशीचा फोटो टिशूवर किंवा डिकलच्या (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या) पापुद्र्यावर छापतात. पांढऱ्या किंवा चंदेरी केलेल्या अंगावर तो बसवतात, पाठ आणि पोट रंगाने त्याला जुळवून घेतात आणि सगळ्यावर पारदर्शक एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) चढवतात. क्रम असा : लाकूड, सीलर (लाकडात पाणी शिरू न देणारा थर), पांढरा रंग, फोटो, पाठ-पोटाचा रंग, डोळे, एपॉक्सी. यातला एक थर कच्चा राहिला तरी लोक म्हणतात ‘फोटो खराब झाला’. फोटो बिचारा मध्ये सापडलेला असतो.

२. याने मासे जास्त लागतात का? खरं सांगा.

ठाण्याच्या खाडीत, नाही. भरती-ओहोटीने ढवळलेल्या तिथल्या पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला की स्वतःची बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात जिताडा ल्युअरचे खवले मोजत बसत नाही. त्याला कळते पाण्यातली थरथर, वरच्या उजेडावर उमटलेली काळी आकृती आणि फार तर एखादी चमक. तिथे पाठ गडद, पोट पांढरं आणि चाल बरोबर एवढं असलं की भागतं.

पाणी स्वच्छ असेल तिथे गोष्ट वेगळी. पावसाळ्यानंतर निवळलेला तलाव, हिवाळ्यात खडकाळ किनाऱ्यावरचं निळसर पाणी अशा ठिकाणी मासा ल्युअरच्या मागे येतो, बघतो आणि वळून निघून जातो. तिथे खऱ्या खवल्यांचा पोत उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे. लाल रंग मात्र पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, म्हणून कल्ल्यांवरच्या सुंदर लालीवर दोन तास घालवू नका.

आणि खरं सांगायचं तर फोटो फिनिश आधी गळवाल्याला पकडतं, मग माशाला. त्यात गैर काही नाही.

विषय निघालाच आहे म्हणून : ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधला पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर पाणथळही, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हौशी गळवाल्यांनी रॉड घेऊन तिकडे फिरकू नये.

३. लाकूड कोणतं घेऊ? इथे बाल्सा मिळत नाही.

बाल्सा ऑनलाइन मिळतो, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. मी तीन लाकडं वापरतो.

पहिलं पाइन. परदेशी मालाच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळतं. गाठ नसलेला तुकडा निवडा, कारण गाठीतून राळ पाझरते आणि महिन्याभराने फोटोखाली पिवळा डाग उमटतो.

दुसरा पांगारा. सावंतवाडीची लाकडी फळं ज्याची करतात, तोच. हलका, मऊ, चाकूला लोण्यासारखा. पण पाणी पिण्यात पटाईत, त्यामुळे सील करताना कंजूषपणा चालत नाही. कोकणात कुणी ओळखीचं असेल तर वाळलेली फांदी मागवा.

तिसरा शिवण. कापायला सरळ, वाळल्यावर न वाकणारा. वखारीत विचारलंत तर तुकडे मिळून जातात.

सागाचे तुकडे फर्निचरवाला फुकट देतो म्हणून बरेच जण सागापासून सुरुवात करतात. साग पाण्याच्या साधारण दोन-तृतीयांश वजनाचा असतो, म्हणजे तोल सांभाळणारं शिसं घालायला जागाच उरत नाही. शिवाय त्याच्या अंगात तेल असतं, त्यावर प्रायमर धरत नाही. वापरायचाच असेल तर सीलर लावण्याच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल पुन्हा वर येतं.

४. फोटो आधी लावू की पाण्यात चाचणी आधी घेऊ?

चाचणी आधी. फोटो लावून झाल्यावर ल्युअर कुशीवर आडवा पोहतो हे कळलं तर त्यावर औषध नाही. सीलर लागला की ओठ, म्हणजे पुढची पारदर्शक पट्टी, तात्पुरती बसवा, गळ अडकवा, शिसं मेणाने चिकटवा आणि बादलीत सोडा. तरंगताना पाठ वर हवी आणि नाक किंचित खाली. मग बाथरूममधल्या मोठ्या टबात दोरीने ओढून पाहा.

एक हिशेब लक्षात असू द्या. माझ्या ९० मिमी ल्युअरवर एपॉक्सीच्या दोन थरांनी साधारण दीड ते दोन ग्रॅम वजन वाढतं. म्हणून चाचणीच्या वेळी तो थोडा जास्तच तरंगायला हवा. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेऊन ठेवा, हजाराच्या आत मिळतो.

५. सीलिंगची खरंच गरज आहे का? वरून एपॉक्सी असतंच की.

आहे. एपॉक्सीला कधी ना कधी भोक पडतंच. माशाचे दात, खडक, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ल्युअरचाच गळ लोंबकळून पोटावर जी चंद्रकोर कोरतो ती. त्या भोकातून पाणी आत गेलं की लाकूड फुगतं आणि फुगलेल्या लाकडावर कोणताच थर टिकत नाही.

पातळ एपॉक्सी थोडं कोमट करून लावा, लाकूड ते ओढून घेतं. तासाभराने जादाचं पुसून टाका. एपॉक्सी नसेल तर सुतार वापरतात तो सँडिंग सीलर तीन हातांनी, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. स्क्रूच्या भोकांत आणि ओठाच्या खाचेत काडीने सीलर घालायला विसरू नका. दहांपैकी आठ ल्युअर तिथूनच मरतात. हा माझ्या डब्यातला हिशेब, शास्त्र नव्हे.

६. फोटो कुठून आणायचा?

बाजारातून. मी पहाटे नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका मावशींना विचारलं, ‘मावशी, हा बोईट जरा आडवा ठेवून फोटो काढू का?’ त्या म्हणाल्या, ‘काढ ना. पन आधी वाटा घे. फोटोनं माझी पाटी रिकामी नाय होत.’ तेव्हापासून वाटा आधी, फोटो नंतर. घरच्यांचीही तक्रार राहिली नाही.

बोईट, पेडवा, बांगडा, मुडदुशी हे इथले मोठे मासे खातात ते मासे, म्हणून फोटो यांचे काढा. मासा जितका ताजा तितका रंग खरा. बांगड्याच्या पाठीवरची हिरवी-निळी झाक बर्फात काही तास गेले की मरते.

घरी आणल्यावर मासा फडक्याने टिपून कोरडा करा. ओल्या खवल्यांवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि ते पांढरे ठिपके फोटोतून काढता काढता जीव जातो. फ्लॅश बंद ठेवा. थेट ऊन नको, ढगाळ दिवशी खिडकीजवळ किंवा सावलीत काढा. मासा करड्या पुठ्ठ्यावर ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी. मोबाइल माशाच्या बरोबर वरती, निदान हातभर वर, आणि थोडा झूम करून. अगदी जवळ नेलात तर डोकं मोठं आणि शेपटी बारीक येते, आणि छापल्यावर तो मासा कुठल्या जातीचा ते मावशींनाही ओळखता येणार नाही.

पर पसरवण्याची धडपड करू नका. पर आपण रंगवणार आहोत, फोटो फक्त कुशीचा हवा आहे.

७. नेटवरून फोटो घेतला तर?

स्वतःपुरता एखादा ल्युअर केलात तर कोण विचारायला येणार आहे? पण विकणार असाल तर परवानगीशिवाय घेऊ नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोला तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं संरक्षण आहे. त्यातून नेटवरचे बरेच फोटो इतके छोटे असतात की छापल्यावर खवल्यांच्या जागी चौकोन दिसतात. प्रश्न ६ प्रमाणे स्वतः काढलेला फोटो दोन्ही दुखण्यांवरचा उतारा आहे.

८. फोटोचा आकार ल्युअरला बरोबर कसा बसवायचा?

मास्किंग टेपने. ल्युअरच्या एका कुशीवर टेपच्या पट्ट्या एकावर एक चढवून चिकटवा, कुठपर्यंत फोटो हवा तिथपर्यंत पेन्सिलने रेघ मारा, रेघेवर कटरने हलकेच कापा आणि सगळी टेप एकसंध उचलून कागदावर सपाट चिकटवा. जिथे ती सपाट बसायला कुरकुर करते, तिथेच पुढे फोटो सुरकुतणार आहे. खूण करून ठेवा, त्या जागांबद्दल प्रश्न १३ मध्ये आहे.

या साच्याचा मोबाइलवर फोटो काढून त्यावर माशाचा फोटो बसवा, चारही बाजूंनी दोन-तीन मिमी जास्त ठेवून. इंचाला ३०० ठिपके पुरतात. ९० मिमी म्हणजे साधारण साडेतीन इंच, म्हणजे लांबीत हजारभर पिक्सेल. आजकालचा कुठलाही फोन त्याच्या कितीतरी पट देतो.

आधी साध्या कागदावर छापून, कापून, ल्युअरवर धरून पाहा. डोळा डोळ्याच्या जागी आणि कल्ल्याची कड कल्ल्याच्या कोरीव रेघेवर आली की मगच महाग कागद काढा.

९. इंकजेट की लेझर?

जमेल तिथे लेझर. लेझरचा टोनर म्हणजे बारीक प्लास्टिक, ते पाण्याने पसरत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत लेझर असतोच. दोन गोष्टी त्याला आधीच सांगा. डिकलचा कागद लेझरसाठीचाच हवा, कारण मशीनच्या आत दोनशे अंशांच्या आसपास तापमान असतं आणि इंकजेटची फिल्म तिथे वितळून रोलरला गुंडाळली तर तुमची मैत्री संपली. दुसरं, टिशू सुटा सरकवायचा नाही. तो ए-फोर कागदावर, पुढची कड टेपने पूर्ण चिकटवून द्यायचा.

घरी इंकजेट असेल तर शाई रंगद्रव्याची (पिगमेंट) आहे का ते बघा. साध्या रंगाच्या (डाय) शाईवर पाणी लागलं की बोईटाचा इंद्रधनुष्य होतो. अशा छपाईवर ॲक्रिलिक क्लिअर स्प्रेचे दोन-तीन हलके हात देऊन, रात्रभर सुकवून मगच पुढे जा. लॅकरचा स्प्रे मात्र कुठेच नको. त्यातला थिनर टोनर आणि बऱ्याच शाया दोन्ही विरघळवतो.

१०. टिशू की डिकल? आणि लावायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मी टिशूच्या बाजूचा माणूस आहे, पण दोन्ही सांगतो.

टिशू म्हणजे गिफ्ट पॅकिंगचा पांढरा पातळ कागद, किंवा दोन पदरी पेपर नॅपकिनचा एक पदर. वडापाव बांधून दिलेला कागद आठवा. तेल लागलं की कागदाची ती जागा पारदर्शक होते. टिशूचंही तेच. तंतूंमधली हवा जाऊन तिथे राळ भरली की कागद नाहीसा होतो आणि फक्त छापलेला रंग उरतो. म्हणून टिशूची कड लपवणं सोपं आणि वळणावर तो नमतोही. कात्रीने कापण्याऐवजी कडा ओल्या ब्रशने ओढून फाडल्या तर त्या आणखी मिसळतात.

लावताना अंगावर पारदर्शक ॲक्रिलिक मीडियमचा (रंग न घातलेल्या ॲक्रिलिकचा) पातळ हात द्या. टिशू कल्ल्याच्या रेघेपासून ठेवायला सुरुवात करा आणि ओल्या मऊ ब्रशने मधून कडांकडे टिपत जा. टिपत जा, ओढू नका. ओला टिशू ताणला की खवले लांबट होतात, आणि अजून ताणला की हातात येतो. वरून मीडियमचा आणखी एक हात. वाळताना तो थोडा धुरकट दिसेल, घाबरून पुन्हा हात लावू नका.

डिकलचा तुकडा कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट ठेवला की फिल्म कागदावरून सरकते. ओल्या अंगावर सरकवून जागेवर आणा आणि स्पंजने मधून बाहेर पाणी काढा. वळणावर उभी राहिली तर पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर ब्रशने लावून, हेअर ड्रायरची लांबून ऊब द्या, ती नमते. डिकलवर तपशील टिशूपेक्षा सुबक येतो. पण फिल्मची कड राहते आणि खाली पाण्याचा थेंब अडकला तर तो आयुष्यभर तिथेच. एपॉक्सीआधी चोवीस तास सुकवा.

तिसरी एक पद्धत आहे. लेझरची उलटी प्रत ॲक्रिलिक जेलमध्ये पालथी चिकटवायची आणि सुकल्यावर मागचा कागद पाण्याने चोळून काढायचा. सपाट अंगावर छान जमते. गोल अंगावर चोळताना बोटाखाली कागद कधी संपला आणि फोटो कधी सुरू झाला हे कळत नाही. मी नाद सोडला.

११. दोन्ही बाजूंना एकच फोटो चालेल का?

चालेल, पण दुसऱ्या बाजूसाठी तो आडवा उलटा करून छापा. नाहीतर एका बाजूचा मासा पुढे पोहतो आणि दुसरा शेपटीकडून. हसू नका, माझ्या पहिल्या जोडीत हेच झालं आहे. जेलच्या पद्धतीत चित्र मुळातच उलटतं, तिथे हिशेब आणखी एकदा उलटा करा.

१२. कागदावर मस्त दिसलेला फोटो ल्युअरवर काळपट का दिसतो?

कारण प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. फोटोतलं पांढरं म्हणजे कोरा कागद, आणि कागद नाहीसा झाला की तिथे खालचं जे असेल ते दिसतं. खाली लाकूड असेल तर बोईट चहात बुडवल्यासारखा दिसणारच. म्हणून खाली शुद्ध पांढरा हवा, पिवळट ऑफ-व्हाइट नको. छापण्याआधी फोटो थोडा उजळ आणि थोडा भडक करा. किती, ते प्रत्येक मशीनवर वेगळं येतं. एकाच कागदावर चार छटांच्या चार प्रती छापून वाळलेल्या पांढऱ्या पट्टीवर लावून बघा. एका कागदाचा खर्च, पुढची सगळी डोकेदुखी वाचते.

खाली पांढऱ्याऐवजी चांदी घातली तर आणखी मजा. पाइपांवर लावतात ती चिकट ॲल्युमिनियमची टेप कुशीवर लावा, चमच्याच्या पाठीने घासून बसवा, आणि कानशीची खरबरीत बाजू दोन तिरक्या दिशांनी हलकेच दाबा, खवले उठतात. त्यावर टिशू किंवा पारदर्शक डिकल लावलं की रंगांमधून चमक वर येते. बांगडा आणि पेडवा मी असेच करतो. ल्युअर हातात फिरवला की उजेड डोक्याकडून शेपटीकडे धावतो, आणि ते मला अजूनही दोन-तीनदा फिरवून बघावंसं वाटतं.

ही युक्ती जुनीच आहे. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये आपला पहिला ल्युअर बाटलीच्या बुचाच्या सालीतून कोरला तेव्हा त्यावर चॉकलेटची चांदी लावली होती, आणि वर पारदर्शक थर म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या होत्या. फोटो आणि ल्युअरची गाठ तेव्हाच पडली म्हणायची. घरी निगेटिव्ह वितळवायला मात्र जाऊ नका, जुनी फिल्म भयंकर पेट घेते.

१३. पोटाशी आणि डोक्यापाशी सुरकुत्या पडतात. काय करू?

सपाट कागद चेंडूवर सपाट बसत नाही, फोटोही बसणार नाही. त्याच्याशी भांडू नका, फोटोच कमी करा. कल्ल्याच्या रेघेपाशी फोटो थांबवा आणि डोकं रंगवा. खाली पोटाची गोलाई सुरू होते तिथे थांबवा, शेपटीच्या बुंध्याला बोटभर आधी थांबवा. मधल्या भागात प्रश्न ८ मधल्या खुणा असतील तिथे कडेपासून आत बारीक त्रिकोणी चीर द्या, शिंपी चोळीला टक्स घालतो तशी. चीर खवल्यांच्या ओळीवरून गेली तर दिसत नाही.

अंगच फार गोल असेल, तर पुढचा ल्युअर कोरताना कुशी थोड्या चपट्या ठेवा. फोटोसाठी ल्युअर घडवायचा की ल्युअरसाठी फोटो छाटायचा हा ज्याच्या त्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे. मी आता चपट्या कुशीचेच करतो.

१४. फोटोची कड लपवायची कशी? माझ्याकडे एअरब्रश नाही.

एअरब्रश असला तर पाठीचा गडद रंग वरून आणि पोटाचा पांढरा खालून, कडेवर धुकं पडल्यासारखा. नसला तर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा घ्या, रंगात टेकवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि कडेवर हलके ठोके द्या. पाठीचा रंग एकच काळा नको. फोटोतला सगळ्यात गडद हिरवा-करडा बघून तो मिसळा. कड ठिपक्यांत विरून जाते.

खवले फोटोच्या बाहेर पाठीवर चालू ठेवायचे असतील तर मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून त्यावरून स्प्रे किंवा स्पंज मारा. एवढं पुरतं.

१५. डोळा फोटोतलाच ठेवू?

नको. बाजारातल्या माशाचा डोळा मेलेला असतो आणि छापल्यावर तो आणखी मरतो. खळगा करून थ्री-डी डोळे चिकटवा किंवा काळा थेंब रंगवून त्यावर एपॉक्सीचा थेंब सोडा. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, सगळ्यात शांत हाताने करतात. तोच क्रम, तोच हात. खाडीत एकच गोष्ट ठळक करायची असेल तर डोळा मोठा करा.

१६. वरचा पारदर्शक थर कुठला आणि किती?

हळू वाळणारं दोन भागांचं एपॉक्सी, पातळ दोन थर. पाच मिनिटांचं एपॉक्सी नको. ब्रश फिरवेपर्यंत ते घट्ट होतं आणि लवकर पिवळं पडतं. प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेच, डोळ्याने नाही, काट्यावर. बाटलीवर प्रमाण वजनाचं आहे की मापाचं तेही वाचा. दोन-तीन मिनिटं तळ आणि कडा खरवडत हळू ढवळा. बुडबुड्यांसाठी लायटरची ज्योत थराजवळून भर्रकन न्या, थांबवू नका.

ल्युअर फिरता ठेवावा लागतो, नाहीतर पोटाला थेंब लोंबतो. जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटार मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात सुटीही मिळते. ती दर वेळी सुरू करताना मनाला येईल त्या दिशेने फिरते, ते बिघाड समजू नका. बऱ्याच मोटारी २३० व्होल्टवर चालतात, म्हणून वायरचे जोड डबीत बंद करा. तीन-चार तास फिरवा, एक दिवस हात लावू नका, तीन दिवसांनी गळ अडकवा. हातात नायट्राइलचे मोजे घाला. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की आयुष्यभर राहते.

तिसरा थर देऊन चकाकी वाढवणारे भेटतात. छोट्या ल्युअरला तो नाकापेक्षा मोती जड, चाल मरते.

१७. पावसाळ्यात हे काम करता येतं का?

करता येतं, आणि खरं तर जून-जुलैमध्येच वेळ असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी, किनाऱ्यावर लाटा, मग बाल्कनीतच बसायचं. पण नवी मुंबईच्या त्या दमट हवेत दोन गोष्टी छळतात.

एपॉक्सी वाळल्यावर त्यावर तेलकट, चिकट पापुद्रा येतो. दमटपणामुळे हार्डनरमधला (एपॉक्सीच्या दुसऱ्या भागातला) अमाइन हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून तो तयार होतो. भांड्याचा साबण आणि कोमट पाण्याने धुतला की जातो. तो तसाच ठेवून दुसरा थर दिलात तर थर जागोजागी मागे सरकतो आणि खड्डे पडतात. दुसरी गोष्ट, स्प्रेचा क्लिअर पांढरट पडणं. पावसाची सर चालू असताना स्प्रे मारूच नका.

माझा उपाय म्हणजे झाकणाचं मोठं थर्माकोलचं खोकं, आत साठ वॅटचा पिवळा बल्ब आणि सिलिका जेलची पुडी. बल्ब थर्माकोलपासून वीतभर लांब आणि तुम्ही घरात असतानाच चालू. यूव्ही रेझिन (अतिनील उजेडात घट्ट होणारी राळ) वापरत असाल तर पावसाळी आभाळाच्या भरवशावर राहू नका, ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा दिवा लागेलच.

१८. दोन-तीनदा वापरल्यावर फोटोखाली पांढरे डाग आले. प्रिंट खराब होती का?

नाही, पाणी आत गेलं. पहिल्या वर्षी मी टिशू सुतारकामाच्या साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवायचो. घरात नऊ ल्युअर ओळीने टांगले होते, बघून छाती फुगायची. दुसऱ्या खेपेला समुद्रावरून आलो तर पोटाजवळ मसुराच्या डाळीएवढे पांढरे ठिपके, तिसऱ्या खेपेला नख लावलं की उन्हाने सोललेल्या कातडीसारखी सालं. साधा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्यात पुन्हा मऊ होतो. नऊच्या नऊ घासून लाकडापर्यंत आणावे लागले.

म्हणून ॲक्रिलिक मीडियम किंवा थेट पातळ एपॉक्सी. डाग स्क्रूच्या भोवती सुरू झाला असेल तर दोष भोकाचा, तिथे प्रश्न ५ वाचा. डाग पहिल्या दिवसापासूनच असेल, पाण्यात न जाता, तर फोटो पूर्ण वाळण्याआधी एपॉक्सी दिलंत.

१९. रंग उडतो किंवा पिवळा पडतो. किती दिवस टिकतं?

उन्हात ठेवलात तर वर्ष काढणंही कठीण, बंद डब्यात ठेवलात तर बरीच वर्षं. साध्या शाईचे फोटो सगळ्यात आधी उडतात, मग एपॉक्सी पिवळं पडतं. डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मे महिन्यात तिथे एपॉक्सी मऊ होतं आणि एकमेकांना टेकलेल्या ल्युअरवर एकमेकांचे ठसे उमटतात. मऊ प्लास्टिकचे किडे आणि लाकडी ल्युअर एका कप्प्यात ठेवणं हा तर गुन्हाच. प्लास्टिकमधलं तेल फिनिश खातं.

२०. सांधे असलेला ल्युअर, पॉपर किंवा अगदी छोटा ल्युअर यांचं काय?

सांधेवाला ल्युअर आधी जोडून, सरळ करून त्यावर एकच साचा घ्या आणि फोटो सांध्यावर कापा. प्रत्येक तुकड्याचा वेगळा फोटो बसवायला गेलात तर कुशीवरची रेघ जुळत नाही. सांध्याच्या आतल्या तोंडावर फोटो नको, तिथे फक्त रंग आणि एपॉक्सी, तेही पातळ, नाहीतर सांधा अडतो.

पॉपरला, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरच चालणाऱ्या ल्युअरला, फोटो वाया. मासा खालून बघतो, त्याला दिसतं पोट. पोट पांढरं, गळ्याशी थोडा लाल, संपलं. ५० मिमीपेक्षा लहान ल्युअरवर खवले इतके बारीक छापले जातात की हातभर अंतरावरून करडा रंगच दिसतो. तिथे चांदीची टेप आणि पाठीवर एक गडद हात याने काम भागतं.

२१. तांबोशीने चावून फोटोला भोक पाडलं. दुरुस्त होईल का?

होईल. आठवडाभर कोरड्या जागी ठेवा, लाकडातलं पाणी जाऊ द्या. कडा ४०० नंबरने घासून उतरत्या करा, लाकूड उघडं असेल तर सील करा, पांढरा लावा. त्या माशाची प्रत संगणकात जपून ठेवली असेल तर तेवढाच तुकडा टिशूवर छापून, फाडलेल्या कडेने बसवा आणि वरून एपॉक्सी. म्हणून प्रत्येक ल्युअरची फाइल नाव आणि मापासकट ठेवा. मी मात्र तांबोशीचे दात बहुतेक वेळा बुजवत नाही, फक्त एपॉक्सीने भरतो. पारदर्शक थराखाली चार वरचे आणि तीन खालचे, तसेच ठेवलेत.